निरोप पोहोचतो तेव्हा: प्रस्तावना

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर शेवटचा उपाय म्हणून काही रुग्णांच्या मेंदूतला, फिट जिथून सुरू होते तो छोटा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकतात. आयर्लंडमध्ये या शस्त्रक्रियेचं मोठं केंद्र म्हणजे डब्लिनचं ब्यूमाँट हॉस्पिटल. रुग्णाची संमती असेल तर काढलेला तुकडा लगेच गोठवतात आणि तो संशोधनासाठी जातो. घाई अशासाठी, की संशोधकाला त्यातला जो रेणू हवा असतो तो फार नाजूक असतो. माणसाच्या बोटांवरच्या घामातही त्याची चिरफाड करणारी विकरं असतात. हातमोजे घातल्याशिवाय तो तुकडा ठेवलेल्या नळीला कोणी शिवत नाही. हा रेणू म्हणजे आरएनए, आणि आजारी मेंदूत त्याचं काय होतं हा या पुस्तकाचा विषय.

हे नाव आता मराठी घरांना परकं नाही. २०२० साली नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर ही आरएनए मोजण्याचीच पद्धत होती, आणि ती मेंदूच्या प्रयोगशाळांत त्याआधी कित्येक वर्षं रोजच्या वापरात होती. पुढे पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने भारताची पहिली एमआरएनए लस तयार केली. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. पण लस दंडात टोचता येते. मेंदू कवटीत बंद असतो, त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती बहुतेक मोठ्या रेणूंना आत सोडत नाहीत, आणि त्याच्या पेशी सहसा पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे लशीत जे जमलं ते मेंदूत जमवायला वेगळी विद्या लागते.

शाळेत शिकलेलं सूत्र बहुतेकांना आठवतं: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. सातबाराचं मूळ दप्तर तलाठ्याकडे राहतं आणि कामाला उतारा फिरतो, तसा हा प्रकार. बँकेपासून कोर्टापर्यंत व्यवहार चालतो तो उताऱ्यावर. मूळ दप्तर बिनचूक असलं तरी उतारा चुकीचा निघाला, अर्धा फाटला किंवा वेळेवर पोहोचला नाही तर काम अडतंच. मेंदूच्या आजारांबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे कळलं, त्याचा मोठा भाग या उताऱ्याच्या, म्हणजे आरएनएच्या, घोटाळ्यांविषयी आहे.

हे घोटाळे मेंदूतच इतके का होतात, याचं एक कारण चेतापेशीच्या आकारात आहे. कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब असू शकतो, पण तिचं केंद्रक मात्र पाठीच्या कण्याजवळ एका टोकाला असतं. एका पेशीची दुसरीशी गाठ जिथे पडते त्या हजारो सिनॅप्सना नव्या प्रथिनांची गरज आपापल्या वेळी लागते. प्रत्येक प्रथिन केंद्रकाजवळ बनवून तिथवर पाठवणं शक्य नाही. १९८२ मध्ये ओसवाल्ड स्ट्यूअर्ड आणि विल्यम लेव्ही यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की प्रथिनं बनवणारे रायबोसोम सिनॅप्सच्या अगदी पायथ्याशी बसलेले असतात. म्हणजे आरएनए प्रवास करतो, वाटेत गप्प राहतो आणि योग्य जागी वाचला जातो. तो वाटेत गप्प कसा राहतो आणि नेमका कधी बोलतो, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मध्यभागी आहे.

या क्षेत्राची वंशावळ सरळ नाही. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना दिसलं, की आरएनए लिहून झाल्यावर त्याचे तुकडे कापून उरलेले जोडले जातात. या काटछाटीला स्प्लायसिंग म्हणतात. पुढच्याच वर्षी पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी एका विषाणूच्या आरएनएला नेमका चिकटेल असा छोटा उलटा तुकडा बनवून त्याची वाढ रोखली. आजच्या अँटिसेन्स औषधांचं मूळ तिथे आहे, पण तो तुकडा शरीरात टिकेल असा बनवायला दोन दशकं गेली. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना एका सूक्ष्म कृमीत जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनए सापडला. तो कुठलंच प्रथिन बनवत नव्हता, दुसऱ्या आरएनएचं तोंड बंद करत होता. ही त्या कृमीचीच लहर असावी असं समजून सात वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. २००० मध्ये तशाच दुसऱ्या रेणूची रूपं माणसासकट अनेक प्राण्यांत आढळली आणि मायक्रोआरएनए हे स्वतंत्र शास्त्र झालं. दोघांना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये.

आजारांच्या बाजूनेही धागे येत होते. १९९१ मध्ये फ्रजाइल एक्स या बौद्धिक अपंगत्वाचं जनुक सापडलं. त्यातून बनणारं प्रथिन आरएनएला धरून ठेवणारं निघालं. २००६ मध्ये मोटर न्यूरॉन आजाराच्या, म्हणजे एएलएसच्या रुग्णांच्या चेतापेशींत साचलेला गाळ टीडीपी-४३ या प्रथिनाचा असल्याचं दिसलं. तेही आरएनए हाताळणारंच. २०११ मध्ये सी९ओआरएफ७२ या जनुकात सहा अक्षरांचा एक तुकडा शेकडो वेळा पुन्हा पुन्हा आलेला आढळला, आणि एएलएस व एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचं हे सर्वांत मोठं ज्ञात आनुवंशिक कारण ठरलं. वेगवेगळ्या वॉर्डांतले आजार एकाच कारखान्यातले बिघाड असावेत असा संशय मग पक्का होत गेला.

आता या संशोधनात ठळकपणे दिसणारा देश, आयर्लंड. २०२२ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या एक्कावन्न लाखांवर होती. २०११ मधल्या एकट्या पुणे जिल्ह्याची याहून कितीतरी जास्त होती. इतक्या लहान देशाला या विषयात इतकं वजन कसं आलं? माझं उत्तर असं, की तिथे रुग्ण, नोंदवही आणि प्रयोगशाळा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. न्यूरॉलॉजिस्ट ऑर्ला हार्डिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एएलएसच्या रुग्णांची देशव्यापी नोंदवही सुरू केली, ती १९९५ पासून चालू आहे. कोणत्या रुग्णाच्या कुटुंबात मानसिक आजार आहेत, कोणाला स्मृतिभ्रंशाची लक्षणं आधी आली, कोणत्या जनुकात बदल आहे, हे सगळं एकाच देशाच्या संपूर्ण रुग्णसंख्येवर पाहता येतं. सी९ओआरएफ७२ चा शोध लागला तेव्हा वर्षभरात आयर्लंडचं चित्र तयार होतं: दर दहा-अकरा रुग्णांत एकाला हा बदल. शिस्तीने लिहिलेल्या वहीची किंमत कधी कधी महागड्या यंत्राहून जास्त ठरते, आणि आपल्याकडे अशा वह्या फार कमी आहेत.

याच रुग्णांतून एक विलक्षण कथा निघाली. अँजिओजेनिन हे प्रथिन १९८५ पासून रक्तवाहिन्या वाढवणारं म्हणून ओळखलं जात होतं. २००६ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी एएलएसच्या पंधरा रुग्णांत त्याच्या जनुकाचे सात वेगवेगळे बदल दाखवले. त्यांतले बहुतेक रुग्ण आयरिश किंवा स्कॉटिश वंशाचे होते. आज या बदलांकडे संशोधक अधिक सावधपणे पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण प्रश्नाने दिशा बदलली. अँजिओजेनिन हे मुळात आरएनए कापणारं विकर. पेशीवर ताण आला की ते ट्रान्सफर आरएनएचे, म्हणजे प्रथिनं बनवताना कच्चा माल वाहून आणणाऱ्या रेणूंचे, मधोमध दोन तुकडे करतं, आणि हे तुकडे टाकाऊ नसतात. पेशीला तग धरायला ते मदत करतात. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स इन आयर्लंड, म्हणजे आरसीएसआय, या १७८४ च्या संस्थेत योखेन प्रेन यांच्या गटाने हा धागा सोडला नाही. २०१९ मध्ये मॅरियन हॉग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अपस्माराच्या रुग्णांच्या रक्तात अशा तीन तुकड्यांची पातळी फिट येण्याआधी वाढलेली असते आणि नंतर खाली येते. एएलएसच्या जनुकातून निघालेली वाट अपस्माराच्या रक्तचाचणीपर्यंत येईल, असं कुठल्याही अर्जात लिहून पैसे मागता आले नसते.

फिट कधी येणार हे आधी कळणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, लग्न जमवताना लपवाछपवी, विहिरीवर एकटं जायची बंदी: आपल्याकडचा अपस्मार या सगळ्यासह जगावा लागतो. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांतल्या जवळपास एकतृतीयांशांना उपलब्ध औषधांनी पुरता आराम पडत नाही. हा आकडा नव्या औषधांच्या इतक्या पिढ्या येऊनही फारसा हललेला नाही. ही औषधं फिट दाबतात. मेंदू फिट येण्याजोगा कसा होतो त्या प्रक्रियेला हात लावत नाहीत.

या क्षेत्रातल्या एका विचारघराण्याचा, मायक्रोआरएनएवाल्यांचा, दावा इथेच सुरू होतो. त्यांच्या घराण्याचं डब्लिनमधलं ठळक नाव आरसीएसआयचे डेव्हिड हेन्शल. मायक्रोआरएनए-१३४ हा मेंदूतला रेणू सिनॅप्सच्या अंकुरांचा आकार आवरून धरतो हे २००६ मध्ये अमेरिकेत कळलं होतं. २०१२ मध्ये एवा हिमेनेझ-मातेओस, हेन्शल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अपस्माराच्या रुग्णांच्या ऊतीत तो वाढलेला असतो, आणि त्याला नेमका अडवणारा रेणू उंदरांच्या मेंदूत सोडला की पुढे आपोआप येणाऱ्या फिटा नव्वद टक्क्यांहून अधिक घटतात. यानंतर युरोपीय संघाच्या पैशावर अनेक देशांच्या प्रयोगशाळांचा एक मोठा प्रकल्प आरसीएसआयच्या नेतृत्वाखाली चालला. माणसाला देता येईल असं औषध मात्र यातून अजून झालेलं नाही.

या घराण्यावरचा आक्षेप जुना आणि गंभीर आहे. एक मायक्रोआरएनए शेकडो आरएनएंना आवरतो; त्याला अडवलं तर नेमकं काय काय मोकळं सुटेल? त्यांचं उत्तर असं, की अपस्मार हाच मुळी एका जागी बिघडलेला आजार नाही, जाळंच बिघडलेलं असतं, मग जाळ्यावर परिणाम करणारा रेणू हवाच. युक्तिवाद मला आवडतो, पण आवडणं म्हणजे पटणं नव्हे. मायक्रोआरएनएवर बेतलेलं कर्करोगाचं एक औषध २०१६ मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावं लागलं होतं, आणि या जातीचं एकही औषध अद्याप बाजारात नाही.

दुसरं घराणं डब्लिनच्याच ट्रिनिटी कॉलेजात, मूळचे भारतीय मणी रामस्वामी यांच्याभोवती उभं राहिलं. त्यांचा प्राणी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारी फळमाशी. एकच वास चार दिवस दिला की माशी त्याकडे दुर्लक्ष करायला शिकते. ही सवय लागायला अटॅक्सिन-२ आणि फ्रजाइल एक्सचं प्रथिन, दोन्ही लागतात असं त्यांच्या गटाने दाखवलं. ही प्रथिनं पेशीत आरएनएला गोळा करून त्याचे सूक्ष्म कण बनवतात, आणि त्या कणांत आरएनए गप्प बसतो. रामस्वामी, पॉल टेलर आणि रॉय पार्कर यांनी २०१३ मध्ये मांडलं, की हेच कण वेळेवर विरघळले नाहीत, घट्ट होत गेले, तर त्यांतून एएलएससारखे आजार उद्भवत असावेत. म्हणजे आठवणीसाठी लागणारी सोय म्हातारपणी घात करते. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र-संशोधन संस्थेबरोबर या कामाची देवाणघेवाण वर्षानुवर्षं चालू आहे. अटॅक्सिन-२ आपल्यालाही जवळचं आहे: त्यातल्या बदलामुळे होणारा, तोल घालवणारा आनुवंशिक अटॅक्सिया हा भारतात वारंवार आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक.

आयर्लंडमधल्याच कॉर्क शहरात प्रश्न तिसराच आहे. जॉन अ‍ॅटकिन्स आणि पावेल बारानोव्ह यांचा गट रायबोसोम आरएनए वाचताना कुठे थांबतो, कुठे घसरतो, कुठे मुद्दाम वेगळं वाचतो हे पाहतो, आणि त्यांची संगणकीय साधनं जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. त्याच शहरात जॉन क्रायन यांच्या गटाला निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूत मायक्रोआरएनए बदललेले दिसले. आतड्यातल्या जिवाणूंची गोष्ट आज बाजाराने दह्याच्या डब्यांपर्यंत नेली आहे, त्यामुळे वाचकाने इथे एक कान बंद ठेवलेला बरा; मूळ प्रयोग मात्र काळजीपूर्वक केलेले आहेत.

या घराण्यांचे वाद सर्वांत तीव्र होतात ते सी९ओआरएफ७२ वर. पुनरावृत्तीमुळे जनुकाचं मूळ काम थांबतं म्हणून पेशी मरते, की तो लांबलेला आरएनए केंद्रकात साचून इतर प्रथिनांना अडकवतो म्हणून, की त्यातून विषारी प्रथिनं बनतात म्हणून? उत्तर ठरायच्या आत औषध आलं. अँटिसेन्स रेणूने तो आरएनए घटवण्याची चाचणी २०२२ मध्ये थांबवली गेली; रुग्णांना फायदा झाला नाही. २०२१ मध्ये हंटिंग्टन आजारावरच्या तशाच औषधाची मोठी चाचणी थांबली होती, २०२४ मध्ये अटॅक्सिन-२ घटवणाऱ्या औषधाचीही तीच गत झाली. एसओडी१ जनुकाच्या बदलामुळे होणाऱ्या एएलएसवर टोफर्सेन या अँटिसेन्स औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत आणि २०२४ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. पण आयरिश रुग्णांत एसओडी१ चा बदल अगदी विरळा. ज्या देशाने या आजाराची इतकी नेटकी नोंद ठेवली, त्याच्या वाट्याला पहिलं अँटिसेन्स औषध आलं ते दुसऱ्यांच्या जनुकाचं.

या निराशेच्या यादीपुढे एक लखलखीत यश उभं आहे, आणि तेच या क्षेत्राला चालवतं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आनुवंशिक आजारात काम करणारं एसएमएन१ जनुक नसतं. जवळचंच एसएमएन२ जनुक असतं, पण त्याच्या आरएनएतून सातवा तुकडा कापला जातो. रवींद्र सिंग यांच्या अमेरिकेतल्या गटाने २००६ मध्ये ही कापाकापी घडवणारी नेमकी जागा दाखवली. तीच जागा झाकणारं औषध एड्रियन क्रेनर यांच्या गटाने एका औषध कंपनीबरोबर विकसित केलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये नुसिनर्सेन मंजूर झालं. बसू न शकणारी मुलं बसू लागली. औषध मेंदूत आपोआप शिरत नाही, म्हणून ते पाठीच्या कण्यात सुई घालून, दर चार महिन्यांनी, जन्मभर द्यावं लागतं. आयर्लंडच्या आरोग्यसेवेने फेब्रुवारी २०१९ मध्ये किमतीमुळे ते नाकारलं आणि पालकांच्या रेट्यानंतर जूनमध्ये स्वीकारलं. तेव्हा पंतप्रधान होते स्वतः डॉक्टर असलेले लिओ वराडकर, ज्यांचं वडिलांकडचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. आपल्याकडे याच आजाराच्या बाळांसाठी सोळा कोटींच्या वर्गण्या २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरल्या. ती वर्गणी जनुकोपचाराच्या इंजेक्शनसाठी होती. आरएनएची तीच काटछाट सुधारणारं तोंडावाटे घ्यायचं रिसडिप्लॅम भारतात स्वस्तात बनवण्याचा नॅटको कंपनीचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अडवायला नकार दिला, ही या विषयाची आपल्यासाठी कदाचित सर्वांत महत्त्वाची अलीकडची घटना. तिचा उल्लेख जीवशास्त्राच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

म्हणजे अडचण तीन ठिकाणी एकच आहे. आरएनए सिनॅप्सपर्यंत पोहोचायला हवा, औषध चेतापेशीपर्यंत, आणि तेच औषध रुग्णाच्या घरापर्यंत. ट्रिनिटीत मॅथ्यू कॅम्पबेल मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती काही वेळापुरत्या सैल करण्यासाठी आरएनएचाच वापर करतात. कॉर्कच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात कॅट्रिओना ओड्रिस्कॉल यांनी स्टार्चपासून मिळणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनच्या सूक्ष्म कणांत आरएनए भरून तो चेतापेशींत नेण्याचे प्रयोग केले. मला स्वतःला पुढच्या दहा वर्षांत नव्या रेणूंपेक्षा या वाहतुकीच्या कामातून जास्त आशा वाटते.

हे सगळं काम प्रत्यक्ष करतं कोण? वर जी नावं आली त्यांतली बरीचशी प्रमुखांची आहेत. पहाटे उंदरांचे मेंदू-आलेख तपासणारी, रक्ताच्या नळ्या गोठवणारी, हजारो आरएनएंच्या याद्यांतून खरी खूण शोधणारी माणसं बहुतेक पोस्टडॉक असतात: पीएचडी झालेली, स्वतःची प्रयोगशाळा अजून न मिळालेली. शोधनिबंधावर पहिलं नाव बहुधा त्यांचं, बातमीत मात्र प्रमुखांचं. नोकरी दोन-तीन वर्षांच्या करारावर असते. उंदरांतला एक अपस्माराचा प्रयोग उभा करून, तपासून, पुन्हा करून छापेपर्यंत तेवढा काळ सहज जातो, आणि आजार तर माणसाच्या शरीरात दशकानुदशकं मुरत असतो. ब्रेक्झिटनंतर युरोपीय संघात इंग्रजीत काम करण्याचं मोठं ठिकाण म्हणून आयर्लंडकडे ओढा वाढला. तिथे जाणाऱ्यांत मराठी मुलंमुलीही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या दोन संशोधन-निधी संस्था एकत्र होऊन टायदे एरेन ही नवी संस्था झाली. करारांची मुदत मात्र एवढ्याने वाढत नाही, आणि डब्लिनचं घरभाडं कुठल्याही शिष्यवृत्तीच्या पुढेच धावतं. क्षेत्राचं ज्ञान अशा माणसांच्या हातात असतं जी तीन वर्षांनी दुसऱ्या देशात असतील. यात संस्थांचा दोष आहे आणि तो आहे तसा मांडायला हवा.

या पुस्तकात म्हणून प्रयोग त्या हातांच्या उंचीवरून सांगितले आहेत. एखादा निष्कर्ष किती खात्रीचा आहे हे वाचकाला स्वतः ठरवता यावं, यासाठी तो कशावरून काढला, माशीत की उंदरात की माणसाच्या ऊतीत, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट केलं आहे. फसलेल्या चाचण्यांना यशस्वी चाचण्यांइतकीच जागा आहे. अल्झायमर आणि स्किझोफ्रेनिया यांतलं आरएनएचं काम इथे ओझरतं आलं आहे. त्यांचा पसारा स्वतंत्र पुस्तकाचा आहे. पेशीचं जीवशास्त्र बारावीपर्यंत शिकलेल्या कोणालाही हे वाचता येईल. ज्यांनी ते शिकलेलं नाही त्यांनी अपस्माराच्या भागापासून सुरुवात करावी; स्प्लायसिंगचा भाग तिथून मागे येऊन वाचला तरी चालतो. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक सूचना: इथे उल्लेखलेल्या औषधांपैकी फारच थोडी आज भारतात मिळतात, आणि कोणती मिळतात, किती किमतीला आणि कोणत्या सरकारी योजनेत, हे दर वर्षी बदलतं, तेव्हा डॉक्टरांना विचारताना या पुस्तकातलं पान नव्हे, त्या वर्षीची यादी सोबत न्यावी.